मित्रांच्या शिफारशी ब्राउझरमधून सारख्या गायब व्हायल्यात? ॲड-ऑन काढून टाकायच्या आधी हे बघा

"काल तर दिसायलं होतं, आज काहीच दिसंना, कामून?" असा मेसेज आमच्या ग्रुपवर येतच राहतो आणि त्याच्याखाली लगेच कुणीतरी सल्ला देतं की काढून टाक, परत इन्स्टॉल कर, होतंय. होतं पण कधीकधी, दोन-चार दिवस चालतं, मग परत तेच. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवायलोय. अडचण वरून एकच दिसते, शिफारशी दिसत नाहीत एवढंच, पण आतली कारणं वेगवेगळी असतात, प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो आणि काढून परत टाकणं हा त्यातल्या बहुतेकांचा उपायच नाही.

ज्यांनी मित्रांच्या शिफारशी दाखवणारं ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही कुठलंही पान उघडलं की बाजूच्या पट्टीत दिसतं की आपल्या ओळखीतल्या कुणी हे वाचलंय, कुणी सुचवलंय आणि काय लिहिलंय, आणि सर्च केलं तर रिझल्टमध्ये त्या लिंकशेजारी छोटा बिल्ला येतो. आमची माणसं परभणी, सेलू, मानवत, अंबाजोगाई, लातूर, नांदेड अशी पसरलेली, त्यात शेती करणारे आहेत, शाळेवरचे आहेत, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. व्हॉट्सॲपवर टाकलेली लिंक संध्याकाळपर्यंत वर निघून जाते, मग ऐन पेरणीच्या टायमाला तो लेख कुणी शोधायचा? ॲड-ऑनमध्ये शिफारस त्या पानालाच चिकटून राहते, कधी पण उघडा, तिथंच सापडते. अनोळखी हजार लोकांच्या स्टारपेक्षा आपल्या माणसाचं एक वाक्य मला लई कामाचं वाटतं, म्हणून ही गोष्ट नीट चालावी असं मनापासून वाटतं.

आता काढून टाकू नका का म्हणतो ते. ॲड-ऑन काढलं की त्याने तुमच्या कॉम्प्युटरवर ठेवलेला डेटा पण त्याच्याबरोबर जातो. सर्व्हरवर जे गेलेलं आहे ते लॉगिन केल्यावर परत येतं, पण अर्धवट लिहिलेल्या नोंदी, कुणाच्या शिफारशी वर दाखवायच्या, कुठल्या साइटवर पट्टी बंद ठेवायची असल्या सेटिंग बऱ्याचदा फक्त तुमच्या मशीनवरच असतात. ४ मे २०१९ ला फायरफॉक्समधली जवळपास सगळी ॲड-ऑन जगभर बंद पडायला लागली होती, आपल्याकडं पहाटे साडेपाचपासून. ॲड-ऑन खरं आहे का हे तपासायला जे मधलं सर्टिफिकेट लागतं त्याचीच मुदत संपली होती. तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने लोकांना बजावून सांगितलं होतं की काढून परत टाकू नका, डेटा जाईल, दुरुस्ती आम्ही पाठवतोय. दुसऱ्या दिवशी ६६.०.४ व्हर्जन आलं आणि ज्यांनी हात लावला नव्हता त्यातल्या बहुतेकांचं सगळं जागच्या जागी परत चालू झालं. चूक कंपनीच्या बाजूला आणि डेटा मात्र घाई करणाऱ्याचा गेला, असं व्हायला नको.

तर सुरुवात अशी करायची. ग्रुपमधल्या एकाला फोन करा आणि ज्या पानावर त्याला शिफारस हमखास दिसतेय असं एक पान दोघांनी एकाच वेळी उघडा. त्याला दिसतंय आणि तुम्हाला कुठल्याच पानावर काहीच दिसत नाही, तर परवानगी नाहीतर लॉगिन बघायचं. काही पानांवर दिसतंय आणि काहींवर नाही, तर लिंक बघायची. दोघांना पण दिसत नाही, तर तुमच्या कॉम्प्युटरच्या मागं लागू नका, सर्व्हिसच बंद असेल. एवढ्या एका फोनवर निम्मा गोंधळ कमी होतो.

लिंक खरंच एकच आहे का?

सगळ्यात जास्त वेळा अडचण इथंच निघते आणि सगळ्यात कमी लोक हे बघतात. ॲड-ऑन लेख वाचून पान ओळखत नाही, लिंक बघून ओळखतं. सातबाऱ्यावर गट नंबरातला एक आकडा बदलला की दुसऱ्याचंच शेत निघतं तसं लिंकमधलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं की ॲड-ऑनच्या हिशोबाने ते वेगळं पान, आणि त्या पानावर तर कुणीच काही सुचवलेलं नाही.

अंबाजोगाईच्या एका मॅडमनी सोयाबीनवरच्या यलो मोझॅकचा लेख सुचवला होता, पांढरी माशी हा रोग कसा पसरवते आणि रोगट झाड दिसलं की लगेच उपटून का टाकायचं हे त्यात चांगलं समजावून सांगितलेलं. सेलूच्या दाजींनी तोच लेख उघडला, पट्टी रिकामी. फोनवर म्हणलं दाजी, वरच्या लिंकवर क्लिक करा आणि शेवटच्या बाजूने काय काय आहे ते वाचून दाखवा. ते वाचायले, लेखाचं नाव, मग तिरकी रेघ, मग एएमपी, मग प्रश्नचिन्ह, मग एफ बी सी एल आय डी, मग बरोबरचं चिन्ह आणि त्याच्या पुढं अक्षरं-आकड्यांची संपता संपंना अशी ओळ. मॅडमची लिंक लेखाच्या नावावरच संपत होती. दाजींना म्हणलं प्रश्नचिन्हापासून पुढचं खोडा, एएमपी पण खोडा, एंटर मारा. पान परत उघडलं आणि पट्टीत मॅडमचं वाक्य आलं.

झालं असं होतं की दाजींना ती लिंक फेसबुकवरून आली होती. फेसबुकवरून बाहेर जाताना लिंकला ते एफबीसीएलआयडीचं शेपूट लागतं, इन्स्टाग्रामवरून शेअर केलं तर आयजीएसएच लागतं, यूट्यूबच्या शेअर बटणाने एसआय लागतं आणि जाहिरातीतून नाहीतर न्यूजलेटरमधून आलं तर यूटीएमने सुरू होणारे दोन-तीन तुकडे लागतात. वाचक कुठून आला हे मोजायसाठी ही शेपटं असतात, पान उघडायला त्यांची काहीच गरज नसते. एएमपी म्हणजे मोबाइलवर पटकन उघडायसाठी केलेली त्याच लेखाची हलकी कॉपी, मराठी बातम्यांच्या साइटवर ही अजून पण भेटते. मोबाइलची वेगळी साइट असेल तर साइटच्या नावाच्या आधी एम डॉट असतं, मराठी विकिपीडियावर मोबाइलवरून घेतलेल्या जुन्या लिंकमध्ये बघायला मिळतं.

पण प्रश्नचिन्ह दिसलं की पुढचं डोळे झाकून खोडायचं असं करू नका. यूट्यूबच्या मोठ्या लिंकमध्ये व्हिडिओचा नंबरच प्रश्नचिन्हानंतर असतो, व्ही बरोबर करून, तो खोडला तर व्हिडिओच जातो. बऱ्याच सरकारी पोर्टलवर पण पानाचा नंबर तिथंच असतो. वर सांगितलेली नावं ओळखीची करून घ्या, तेवढीच खोडा.

चांगलं ॲड-ऑन हे काम स्वतः करतं. पानाच्या आत, आपल्याला न दिसणारी एक ओळ असते जी सांगते की ह्या लेखाचा खरा पत्ता हा, तिला कॅनॉनिकल लिंक म्हणतात, गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून ही पद्धत आणली. तुमच्या ॲड-ऑनच्या सेटिंगमध्ये कॅनॉनिकल लिंक वापरा असं काही असेल तर ते चालू करा, फरक पडतो. मात्र काही साइटवाले सगळ्याच लेखांना होमपेजचा पत्ता कॅनॉनिकल म्हणून लावून ठेवतात, मग एका लेखाची शिफारस त्या साइटच्या सगळ्या लेखांवर दिसायला लागते. असं दिसलं तर ॲड-ऑनचा दोष नाही, त्या साइटपुरतं ते सेटिंग बंद ठेवा.

आपल्या मराठी लिंकांचं अजून एक आहे. देवनागरी लिंक कॉपी केली की तिचं टक्क्याच्या चिन्हांचं लांबलचक रूप होतं. लिंकसाठी अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट लिंकमध्ये तीन अक्षरं खातो, म्हणून नुसतं "लातूर" लिहिलं तर पाच चिन्हांची पंचेचाळीस अक्षरं होतात, काना-मात्रा पण मोजायच्या. एवढी लांब लिंक मेसेजमध्ये मधेच तुटते, अर्धीच निळी होते, अर्धीच कॉपी होते. आणि "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द, जो शेतीच्या प्रत्येक दुसऱ्या लिंकमध्ये असतो, तो कॉम्प्युटरवर दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं आणि दुसऱ्यात साध्या र च्या पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, लिंक म्हणून दोन वेगळे. मधल्या एखाद्या ॲपने ते न दिसणारं चिन्ह गाळलं तर पानच उघडत नाही. म्हणून देवनागरी लिंक हाताने टाइप करू नका, मेसेजमधून पण उचलू नका, पान उघडा आणि त्या पानावरूनच ॲड-ऑनचं बटण दाबून सुचवा.

यूट्यूब आणि तसल्या साइटवर आणखी एक होतं, एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर गेलं तरी पान नव्याने लोड होत नाही, फक्त वरची लिंक बदलते, त्यामुळं पट्टीत मागच्याच व्हिडिओची शिफारस तशीच राहते. एफ५ दाबा, बास.

परवानगी

कुठल्याच पानावर काही दिसत नसेल तर आधी परवानगी बघा. क्रोममध्ये वरती कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्यासारखा आयकॉन असतो, त्यावर क्लिक करून मॅनेज एक्स्टेन्शन्समध्ये जा (क्रोम ॲड-ऑनला एक्स्टेन्शन म्हणतं), आपल्या ॲड-ऑनच्या डिटेल्समध्ये साइट ॲक्सेस म्हणून भाग असतो. तिथं तीन पर्याय, ऑन क्लिक, ठराविक साइट, सगळ्या साइट. क्रोमने हे ऑक्टोबर २०१८ मध्ये, ७० व्या व्हर्जनपासून आणलंय आणि ते चांगलंच केलंय, पण ऑन क्लिक असेल तर तुम्ही स्वतः आयकॉन दाबल्याशिवाय ॲड-ऑन पानाला हात लावत नाही, आणि माणसाला वाटतं बंद पडलं. फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन्सच्या पानावर परमिशन्स म्हणून टॅब आहे, तिथं हेच बघायचं.

फक्त सर्चमधले बिल्ले गेले असतील आणि बाकी सगळं चालू असेल तर गूगलचा कुठला पत्ता परवानगीच्या यादीत आहे ते बघा. बऱ्याच जणांनी गूगल डॉट को डॉट इनलाच परवानगी दिलेली असते. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की देशोदेशीचे वेगळे पत्ते हळूहळू डॉट कॉमवर वळवणार, त्यामुळं आपण टाइप केलं को डॉट इन आणि पोचलो डॉट कॉमवर, जिथं ॲड-ऑनला परवानगीच नाही. यादीत डॉट कॉम टाका, बिल्ले परत येतात.

अपडेटनंतर ॲड-ऑन आपोआप बंद झालं असेल, म्हणजे आयकॉनच दिसत नसेल आणि क्रोम म्हणत असेल की ह्याला नवीन परवानगी पाहिजे, तर पटकन होय दाबू नका. आधीपेक्षा जास्त परवानगी का लागायलीय हे वाचा. द ग्रेट सस्पेंडर नावाचं लाखो लोकांचं आवडतं ॲड-ऑन होतं, २०२० मध्ये ते नव्या मालकाकडं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते लोकांच्या ब्राउझरमधून बंद केलं. शिफारशीचं ॲड-ऑन तर तुम्ही कुठलं पान उघडलं हे बघितल्याशिवाय काम करूच शकत नाही, म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बँक, पीक विमा, महाडीबीटी असली कामं वेगळ्या क्रोम प्रोफाइलमध्ये करा जिथं हे ॲड-ऑन टाकलेलंच नाही. इन्कॉग्निटोमध्ये ते दिसत नसेल तर ते तसंच असतं, तिथं परवानगी आपण मुद्दाम दिल्याशिवाय मिळत नाही, आणि देऊ पण नका.

लॉगिन टिकंना, आणि घड्याळ

दुसरा प्रकार असा की पट्टी दिसते, पण दर वेळी लॉगिन करा म्हणते. इथं सगळ्यात आधी ब्राउझर बंद करताना कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, पुसायचं सेटिंग चालू आहे का बघा, सफाईचं एखादं सॉफ्टवेअर तेच काम गुपचूप करत असतं. सायबर कॅफे नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये रीस्टार्ट केलं की मशीन आधीसारखंच करणारं सॉफ्टवेअर असतं, तिथं लॉगिन टिकणारच नाही, तिथं शोधत बसू नका.

हे नसेल तर थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नाही तर दुसऱ्याच साइटच्या कुकीज. पट्टी म्हणजे तुम्ही उघडलेल्या पानात बसवलेलं दुसऱ्या साइटचं पान, आणि ब्राउझरांनी मागच्या काही वर्षांत नेमकं हेच आवळत आणलंय. क्रोमने फेब्रुवारी २०२० मध्ये ८० व्या व्हर्जनपासून नियम कडक केले, सफारीने त्याच वर्षी मार्चमध्ये अशा कुकीज पूर्ण बंद केल्या, फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. हे आपल्या भल्याचंच आहे, जाहिरातवाले मागं मागं फिरत नाहीत. म्हणून सगळं संरक्षण बंद करू नका, सेटिंगमध्ये कुकीजच्या भागात जाऊन फक्त त्या शिफारशीच्या साइटचा पत्ता अपवाद म्हणून टाका. फायरफॉक्समध्ये लिंकच्या डाव्या बाजूच्या ढालीवर क्लिक करून ज्या साइटवर पट्टी अडायलीय तेवढ्या साइटपुरतं संरक्षण बंद करून बघता येतं.

आणि घड्याळ. ह्याच्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या जुन्या डेस्कटॉपवर हे लई वेळा निघतं. मानवतला आमच्या एका मित्राचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याच्या मशीनवर लॉगिन केलं की हिरवी खूण यायची आणि पापणी लवायच्या आत सेशन संपलं म्हणून परत लॉगिन. पासवर्ड बरोबर, कुकीज चालू, परवानगी सगळ्या साइटची. खाली उजव्या कोपऱ्यातला टाइम पण बरोबर, भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळणारा. मग डेट अँड टाइमचं सेटिंग उघडलं तर टाइम झोन पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. विंडोज टाकताना तोच राहून गेला होता आणि नंतर कुणीतरी झोन न बदलता नुसते काटे हाताने फिरवून भारताची वेळ लावली होती. आपल्याला दिसतो तो टाइम बरोबर, पण कॉम्प्युटर आतून जागतिक वेळेचा हिशोब करतो आणि त्या हिशोबाने ते मशीन साडेतेरा तास पुढं होतं, तिकडचा उन्हाळी टाइम चालू असला की साडेबारा. लॉगिन केल्यावर सर्व्हर एक टोकन देतो, त्यावर लिहिलेलं असतं की हे तासभर चालेल. ॲड-ऑन ती वेळ मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतं आणि त्याच्या दृष्टीने ते टोकन हातात पडायच्या आधीच शिळं झालेलं असतं. झोन बदलून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्लीवाला लावला, खाली सिंक नाऊ दाबलं, लॉगिन केलं, आणि पट्टी तिथंच राहिली.

दुसरी तऱ्हा म्हणजे तारीखच मागं जाणे. लाइट गेली आणि मशीनला इन्व्हर्टर नसला की घड्याळ चालू ठेवायचं काम मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलकडं असतं, सीआर२०३२ म्हणतात त्याला, तीन व्होल्टचा. तो संपला की लाइट आल्यावर मशीन कुठल्यातरी जुन्या वर्षात उघडतं. मग नुसतं ॲड-ऑनच नाही, अर्ध्या साइट उघडत नाहीत, क्रोम सांगतं की तुमचं घड्याळ मागं आहे, कारण साइट खरी असल्याचं सांगणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत त्या जुन्या तारखेला अजून सुरूच झालेली नसते. तारीख हाताने लावली की चालतं आणि पुढच्या वेळी लाइट गेली की परत बिघडतं. हीच ती "अधूनमधून" होणारी अडचण, आणि लोक दर वेळी ॲड-ऑन काढून टाकतात. इलेक्ट्रिकल नाहीतर घड्याळाच्या दुकानात तो सेल अगदी थोडक्या पैशात मिळतो, मशीनचा प्लग काढून बदला. विंडोज स्वतःहून टाइम जुळवतं, पण लगेच जुळवेलच असं नाही, त्याच्यावर विसंबून बसू नका.

बाकीचं

पीडीएफवर शिफारस दिसत नाही अशी तक्रार असेल तर ती अडचण बहुतेक सुटणारी नाही. जीआर, भरतीच्या जाहिराती, विद्यापीठाच्या पुस्तिका सगळं पीडीएफ, आणि ब्राउझरच्या आतल्या पीडीएफ वाचकात बहुतेक ॲड-ऑनना शिरता येत नाही. ज्या पानावर त्या पीडीएफची लिंक आहे ते पान सुचवा आणि कितवी ओळ ते नोंदीत लिहा. क्रोमची स्वतःची पानं, नवा टॅब आणि वेब स्टोअर इथं पण ॲड-ऑनला पानात शिरता येत नाही.

मोबाइलवर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ॲड-ऑन टाकताच येत नाही. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडवर आपला ॲड-ऑनचा दरवाजा बऱ्यापैकी मोकळा केलाय, तिथं तुमचं ॲड-ऑन आहे का शोधा.

जुन्या शिफारशी दिसतात पण नव्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर पोचत नाहीत, असं असेल तर जागा संपल्याची शंका घ्या. ज्या ॲड-ऑनचा स्वतःचा सर्व्हर नसतो ते क्रोमच्या सिंकमध्ये, म्हणजे एका खात्याच्या सगळ्या कॉम्प्युटरवर डेटा सारखा ठेवायच्या सोयीत, साठवतं आणि तिथं एकूण जागा १०० केबी, एका नोंदीला ८ केबी, नोंदी जास्तीत जास्त ५१२. इंग्रजी लिंकवाल्याला हे पुरतं. आपल्या चाळीस चिन्हांच्या देवनागरी लिंकची तीनशे साठ अक्षरं होतात, शिवाय साइटचं नाव आणि मराठीतली नोंद. ॲड-ऑनने सगळी यादी एकाच नोंदीत कोंबली असेल तर वीसेक लिंकांत ती भरते, आणि ज्यांनी हे बनवलं त्यांनी एरर दाखवायची सोय केलेली नसेल तर आपल्याला सेव्ह झाल्यासारखंच वाटतं. ह्या बाबतीत मला बनवणाऱ्यांचा खरंच राग येतो, देवनागरीत एकदा चालवून बघितलं असतं तर हे लगेच कळलं असतं. तोपर्यंत जुनी यादी एक्स्पोर्ट करून फाइलमध्ये ठेवा आणि सिंकमधून कमी करा.

जाहिरात अडवणारं ॲड-ऑन असेल तर त्यातली सोशल बटणं लपवायची यादी बंद करून बघा, पानावर काढलेला शिफारशीचा बिल्ला त्याला लाइकच्या बटणासारखा वाटतो आणि ते तो झाकतं. आणि बराच वेळ मशीन तसंच ठेवल्यावर पहिल्या पानावर काही दिसत नसेल आणि रिफ्रेश केल्यावर दिसत असेल, तर क्रोम काम नसलेल्या ॲड-ऑनचा मागचा भाग अर्ध्या मिनिटात झोपवतं, तो उठायला वेळ लागतो. रिफ्रेश करा, बाकी काही बदलू नका.

शेवटी ती शक्यता जी लोक धरतच नाहीत, की ते ॲड-ऑन किंवा ती सर्व्हिसच संपलीय. क्रोमने जुन्या पद्धतीची, मॅनिफेस्ट व्ही टू वाली ॲड-ऑन २०२४ पासून बंद करायला घेतली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ती पूर्ण बंद झाली, ज्यांच्या मालकांनी नव्या पद्धतीत आणली नाहीत ती गेली. आणि ह्या धंद्यात सर्व्हिस बंद होणं नवं नाही. गूगलचं साइडविकी, कुठल्याही पानाच्या बाजूला लोकांच्या नोंदी दाखवणारं, २००९ मध्ये आलं आणि २०११ मध्ये गेलं. मित्रांच्या हालचाली ब्राउझरमध्येच दाखवणारा फ्लॉक पण २०११ मध्येच संपला. स्टंबलअपॉन ३० जून २०१८ ला बंद झालं, पॉकेट जुलै २०२५ मध्ये. तारीख जाहीर झाली की काही महिने एक्स्पोर्टची सोय असते, नंतर नसते. म्हणून मी ग्रुपला सांगून ठेवलंय की महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी एकाने यादी उतरवून घ्यायचीच.

एवढं सगळं बघून पण चालंना तरच ॲड-ऑन काढा, एक्स्पोर्ट करून, सेटिंगचे फोटो घेऊन. आणि बनवणाऱ्याला तक्रार पाठवायची असेल तर "चालत नाही" एवढंच लिहू नका, त्याला काहीच कळत नाही. ब्राउझरचं व्हर्जन, ॲड-ऑनचं व्हर्जन, तुमच्याकडची लिंक जशीच्या तशी, ज्याला दिसतंय त्या मित्राकडची लिंक जशीच्या तशी, परवानगी कुठली दिलीय, आणि मशीनचा टाइम झोन, हे सहा मुद्दे लिहा. स्क्रीनशॉट जोडताना वरच्या टॅबची ओळ कापून टाका, तिथं बँकेचं नाहीतर दवाखान्याच्या रिपोर्टचं पान उघडं असतं आणि ते नाव सगळ्यांना वाचता येतं.